तिबेरियस ज्युलिअस अलेक्झांडर : एका रोमन अधिकाऱ्याची कारकीर्द कशी वाचावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : अलेक्झांड्रियातील ज्यू घराण्यात जन्मलेला तिबेरियस ज्युलिअस अलेक्झांडर इ.स. 66 मध्ये इजिप्तचा प्रीफेक्ट, म्हणजे सम्राटाच्या वतीने त्या देशाचा कारभार पाहणारा सर्वोच्च अधिकारी झाला. ही मजल त्याने कर्तबगारीवर मारली की वशिल्यावर? आणि इ.स. 70 मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात तो रोमन छावणीत होता, म्हणून त्याला स्वकीयांशी दगा करणारा म्हणावे का? निबंधासाठी तुम्हाला एक ठाम उत्तर हवे आहे. प्राचीन इतिहास शिकवताना आणि ग्रीक व लॅटिन लेखांचे वाचन करून घेताना हा माणूस माझ्या वर्गात वरचेवर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथम प्रश्नाची मांडणी थोडी बदलावी लागेल. कर्तबगारी आणि वशिला यांना आपण परस्परविरोधी मानतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर स्पर्धा परीक्षा असते. रोमन राज्यात सनदी नोकरीची परीक्षा नव्हती, जाहिरात नव्हती आणि निवड मंडळही नव्हते. ओळखीच्या वजनदार माणसाने केलेली शिफारस हीच तिथली निवडीची रीत होती, आणि शिफारस करणारा आपली पत पणाला लावत असल्यामुळे नालायक माणूस पुढे करणे त्यालाही परवडत नसे. त्यामुळे विचारण्याजोगा प्रश्न असा आहे की या विशिष्ट पदांसाठी सम्राटाला नेमका कसा माणूस हवा होता, आणि अलेक्झांडर त्या गरजेत का बसला. उत्तराचा बराचसा भाग तुम्ही कोणत्या वर्षाबद्दल बोलता यावर अवलंबून आहे. 42 सालचे उत्तर 69 सालाला लागू पडत नाही.

आता पुराव्याविषयी. अनेक रोमन अधिकाऱ्यांच्या बाबतीत आपले नशीब चांगले असते, कारण त्यांच्या गावात किंवा थडग्यावर सर्व पदे क्रमाने कोरलेला लेख सापडतो. अलेक्झांडरचा तसा लेख उपलब्ध नाही. त्याची कारकीर्द शिलालेख, पपायरसचे (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचे) तुकडे आणि ज्यू जोसेफस व रोमन टॅसिटस या दोन इतिहासकारांची विधाने जुळवून उभी करावी लागते. मी विद्यार्थ्यांना एका कागदावर चार रकाने आखायला लावते : साल, पद, पुरावा, आणि तो पुरावा कोणी, केव्हा, कोणाच्या छायेत लिहिला. चौथा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि या माणसाच्या बाबतीत सगळी मेख तिथेच आहे.

सुरुवात घराण्यापासून करावी लागते. वडिलांचे नावही अलेक्झांडरच. ते अलेक्झांड्रियात अलाबार्क या पदावर होते. पूर्वेकडून येणाऱ्या मालावरील जकातीशी या पदाचा संबंध होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. तत्त्वज्ञ फिलो हा त्यांचा भाऊ, म्हणजे आपल्या अधिकाऱ्याचा काका. फिलोच्या दोन संवादांत हा तरुण पुतण्या पात्र म्हणून येतो आणि ईश्वरी योजनेबद्दल शंका उपस्थित करतो. वडिलांच्या श्रीमंतीची कल्पना जोसेफसने दिलेल्या एका प्रसंगावरून येते. हेरोद घराण्यातील अग्रिप्पा कर्जबाजारी होऊन अलेक्झांड्रियात आला आणि त्याने 2,00,000 द्राख्मे (ग्रीक चांदीची नाणी) उसने मागितले. अलाबार्कने अग्रिप्पाला नकार दिला, पण त्याच्या पत्नीच्या शब्दाखातर कर्ज मंजूर केले. तेही पाच टॅलेंट (एक टॅलेंट म्हणजे 6,000 द्राख्मे) तिथल्या तिथे आणि उरलेले इटलीत पोहोचल्यावर, कारण नवरा उधळ्या आहे हे त्यांना ठाऊक होते. पुढे हाच अग्रिप्पा ज्यूडियाचा, म्हणजे जेरुसलेमभोवतालच्या ज्यू प्रदेशाचा, राजा झाला, आणि अलाबार्कचा दुसरा मुलगा मार्कस याचे त्याच्या मुलीशी, बेरेनिसशी, लग्न झाले.

याहून महत्त्वाचा धागा रोमला जातो. अलाबार्क हे अँटोनिया या राजस्त्रीच्या मालमत्तेची देखरेख करत असत, आणि अँटोनिया ही पुढे सम्राट झालेल्या क्लॉडिअसची आई. त्याच्या आधीचा सम्राट कॅलिग्युला याने अलाबार्कना कैदेत टाकले होते. 41 मध्ये क्लॉडिअस गादीवर येताच त्याने आपल्या या जुन्या मित्राची सुटका केली. आता तुमच्या कागदावरची पहिली नोंद पाहा : इजिप्तमधील डेंडेरा येथील 42 सालच्या लेखात आपला अलेक्झांडर थेबाईडचा, म्हणजे दक्षिण इजिप्तच्या विभागाचा, एपिस्ट्रॅटेगॉस (विभागप्रमुख) म्हणून दिसतो. वडिलांची सुटका आणि मुलाची नेमणूक यांत जेमतेम वर्षाचे अंतर आहे. हा निव्वळ योगायोग होता असे मला वाटत नाही.

इथे थोडे विषयांतर करते, कारण ते आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. भाऊ मार्कसचे नाव कॉप्टोस येथे सापडलेल्या खापरांवरील पावत्यांत आढळते. साधारण 37 ते 44 या काळातल्या या पावत्या निकानॉर नावाच्या वाहतूकदाराच्या कुटुंबाच्या आहेत. हे लोक नाईलकाठच्या कॉप्टोसहून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोस आणि बेरेनिके या बंदरांपर्यंत माल पोहोचवत, आणि मार्कसचे हस्तक तिथे तो उतरवून घेत. याच बंदरांतून मोसमी वाऱ्यावर जहाजे भारताकडे निघत. त्याच शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत भडोच, सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे, तसेच पैठण आणि तेर ही आतली शहरे नोंदवलेली आहेत. या मार्गाने येणाऱ्या मालावर रोमन सरकार 25 टक्के जकात घेत असे. मार्कसचा माल कोणत्या गावचा होता हे खापरांवरून सांगता येत नाही, पण हे घराणे ज्या पैशावर उभे होते त्यात पूर्वेकडच्या व्यापाराचा वाटा होता, हे लक्षात ठेवा.

दुसरी नोंद 46 ते 48 या काळातली : ज्यूडियाचा प्रॉक्युरेटर, म्हणजे सम्राटाने नेमलेला प्रांताधिकारी. त्या प्रांतात तेव्हा मोठा दुष्काळ पडला होता, आणि मेसोपोटेमियातील आडियाबेने या छोट्या राज्याच्या हेलेना राणीने इजिप्तमधून धान्य व सायप्रसमधून सुके अंजीर आणवून लोकांना वाटले. त्याच कारकिर्दीत अलेक्झांडरने याकोब आणि सायमन या दोघा भावांना क्रुसावर चढवले. त्यांचे वडील, गॅलिलीचा यहूदा, यांनी रोमन खानेसुमारीच्या वेळी लोकांना उठावासाठी चेतवले होते. क्लॉडिअसने हा माणूस तिथे का पाठवला असावा? ज्यू रीतिभाती जाणणारा, पण रोमन नागरिक असलेला आणि सम्राटाच्या घराण्याचा मिंधा असलेला अधिकारी त्या धगधगत्या प्रांताला मानवेल, असा हिशेब मला त्यात दिसतो.

आता चौथा रकाना काढा. ज्यूंच्या युद्धावरच्या ग्रंथात जोसेफस म्हणतो की या अधिकाऱ्याने स्थानिक प्रथांना हात लावला नाही आणि प्रजेत शांतता राखली. तोच जोसेफस ज्यूंच्या प्राचीन इतिहासावरच्या ग्रंथात, जो 93-94 च्या सुमारास पुरा झाला, लिहितो की वडील ईश्वरनिष्ठेत मुलापेक्षा सरस होते, कारण मुलगा पूर्वजांच्या प्रथांना धरून राहिला नाही. लेखक एकच, विषयही एकच, आणि सूर मात्र वेगळा. पहिला ग्रंथ सम्राट व्हेस्पेशिअन आणि जेरुसलेमला वेढा घालणारा त्याचा मुलगा टायटस यांच्या डोळ्यांखाली लिहिला गेला होता. त्या वेढ्यात टायटसचा उजवा हात असलेल्या अलेक्झांडरविषयी तेव्हा कडवट लिहिणे सोपे नव्हते. दुसरा ग्रंथ पुरा झाला तेव्हा ते दोघेही हयात नव्हते. त्यामुळे ‘धर्म सोडलेला ज्यू’ असे वर्णन निबंधात घेताना त्याचा आधार कोणत्या ग्रंथात आहे हे लिहिलेच पाहिजे. शिवाय प्रथांना धरून न राहणे आणि धर्म जाहीरपणे टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोसेफस फक्त पहिली सांगतो.

48 नंतर पंधरा वर्षे आपल्या कागदावर काहीही नाही. बरेच लेखक इथे कल्पनेने पदे भरतात, आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. 63 मध्ये तो एकदम आर्मेनियात, सेनापती कॉर्ब्युलोच्या मोहिमेत दिसतो. तह ठरत असताना विश्वासाची खूण म्हणून त्याला आर्मेनियाच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या पार्थियन राजपुत्र टिरिडेटीसच्या छावणीत पाठवले गेले. टॅसिटस तिथे त्याला ‘नामांकित रोमन अश्वारोही’ (हा एक प्रतिष्ठित सामाजिक वर्ग, त्याविषयी पुढे) म्हणतो आणि युद्धकार्यासाठी दिलेला अधिकारी अशी त्याची नोंद करतो. एवढ्यावरून इतकेच म्हणता येते की या काळात त्याचा दर्जा वाढला होता आणि पूर्वेकडच्या नाजूक कामासाठी रोमला तो भरवशाचा वाटत होता.

मग येते 66 साल आणि इजिप्त. हे पद त्याला का मिळू शकले हे समजून घेण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. इ.स.पू. 30 मध्ये इजिप्त ताब्यात आल्यावर ऑगस्टसने, म्हणजे पुढे पहिला सम्राट झालेल्या नेत्याने, तिथे सेनेटर वर्गातला (रोमच्या सरदारसभेतला) राज्यपाल नेमायचाच नाही असे ठरवले. सेनेटरला परवानगीशिवाय त्या देशात पाऊल ठेवायचीही मनाई होती. इ.स. 19 मध्ये खुद्द सम्राट तिबेरियसचा दत्तक पुत्र जर्मानिकस परवानगी न घेता अलेक्झांड्रियाला गेला, तेव्हा त्यालाही बोल खावे लागले. कारण उघड होते : रोमचे धान्य तिथून येत असे. जोसेफसच्या ग्रंथात आकडा आहे की इजिप्त रोमला वर्षातले चार महिने पोसतो. तिथे दोन लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणी) सैन्य होते. ज्याच्या हाती हा देश, त्याच्या हाती राजधानीचे पोट. म्हणून हे पद अश्वारोही वर्गातल्या माणसाला मिळे. हा वर्ग सेनेटच्या खालोखालचा, किमान 4,00,000 सेस्टर्सेस (रोमन नाणी) मालमत्तेची अट असलेला. त्यातल्या माणसाला स्वतःचे राजकीय पाठबळ थोडे आणि सम्राटावरचे अवलंबित्व पुरेपूर असे. तरीही धोका संपत नव्हता : पहिला प्रीफेक्ट कॉर्नेलिअस गॅलस मर्जीतून उतरला आणि त्याने आत्महत्या केली.

म्हणजे रोमच्या सरदार घराण्याबाहेरचा जन्म हा या पदाच्या आड येणारा दोष नव्हताच. काही अंशी ती पात्रता होती. त्यात अलेक्झांडर अलेक्झांड्रियाचाच, त्याची मातृभाषा ग्रीक, थेबाईडचा कारभार त्याने पाहिलेला आणि घरातून जकात व व्यापार यांचे ज्ञान. प्रीफेक्ट हा सेनापती, सरन्यायाधीश आणि महसूल प्रमुख असा सगळा एकवटलेला अधिकारी असे. न्यायदानाच्या फेरीत किती कागद अंगावर येत याचा एक नमुना तिसऱ्या शतकाच्या आरंभीच्या पपायरसात आहे : एका प्रीफेक्टकडे अवघ्या दोन-तीन दिवसांत 1,804 अर्ज आले होते. असे काम नुसत्या वशिल्यावर वर्षानुवर्षे रेटता येत नाही.

पदावर येताच त्याच्यापुढे अलेक्झांड्रियातील दंगल उभी राहिली. ज्यूडियात बंड पेटले होते, शहरात ग्रीक आणि ज्यू यांच्यात चकमकी सुरू झाल्या, आणि ज्यूंनी रंगमंडल जाळण्याची धमकी दिली. जोसेफस सांगतो की अलेक्झांडरने आधी प्रतिष्ठित माणसे मध्ये घालून समजूत काढण्याचा प्रयत्न केला. ते ऐकेनात तेव्हा दोन्ही लीजन आणि लिबियातून आलेली तुकडी त्याने डेल्टा या ज्यू वस्तीवर सोडली. मृतांचा आकडा जोसेफस 50,000 देतो. त्याचे आकडे फुगलेले असतात, पण कत्तल भयंकर होती यात शंका घेण्याचे कारण नाही. तुमच्या ‘दगा’ या शब्दाचा खरा आधार मला जेरुसलेमपेक्षा या दिवसात दिसतो. ही माणसे त्याच्याच शहरातली होती.

पण एवढ्यावर थांबलात तर अधिकारी म्हणून तो कसा होता हे कळणार नाही. त्यासाठी त्याचे 68 सालचे आज्ञापत्र वाचा. सम्राट नीरो 9 जून 68 रोजी मेला. आज्ञापत्रावर 6 जुलैची तारीख आहे, म्हणजे चार आठवड्यांच्या आत. त्याची प्रत खार्गा मरूद्यानातील हिबिसच्या मंदिराच्या दरवाजावर कोरलेली आहे, साठाहून अधिक ओळींची, आणि सुरुवातीला त्या मरूद्यानाचा अधिकारी ज्युलिअस डिमेट्रिअस हा मजकूर जनतेच्या माहितीसाठी लावत असल्याची नोंद आहे. मजकूर असा : कोणावरही करवसुलीचा मक्ता किंवा सरकारी जमिनीचा खंड सक्तीने लादू नये. खाजगी कर्जासाठी कोणालाही सरकारी कोठडीत डांबू नये. नवरा खजिन्याचा देणेकरी निघाला तरी बायकोचा हुंडा तिला परत मिळावा. ज्या खटल्याचा निकाल एकदा प्रीफेक्टने दिला तो खबऱ्यांनी पुन्हा उकरून काढू नये. शेतसाऱ्याची आकारणी जुन्या वर्षांच्या पुराशी तुलना करून न करता त्या वर्षी नाईल प्रत्यक्षात किती चढली आणि किती जमीन भिजली यावरून करावी.

हे शेवटचे कलम मी वर्गात सावकाश वाचून घेते. पूर कमी आला असताना सरासरी काढून सारा मागितला तर शेतकरी गाव सोडून पळतो, जमीन पडीक राहते आणि पुढच्या वर्षी खजिनाच रिकामा होतो. ही साखळी ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते लिहिले आहे. जिथे आपला अधिकार संपतो तिथे तो तसे स्पष्ट लिहितो : मोठ्या बाबी सम्राटाच्या अखत्यारीतल्या आहेत, त्या आपण त्यांना कळवू. सोबत गॅल्बाची भरघोस स्तुतीही आहे. नव्या सम्राटाची बाजू घेताना लोकांच्या तक्रारी दूर करून देशात स्वस्थता आणायची आणि धान्याचा ओघ चालू ठेवायचा, असा दुहेरी हेतू मला त्यात दिसतो. हेतू दुहेरी असला म्हणून कलमांतला न्याय खोटा ठरत नाही.

पुढच्या वर्षभरात गॅल्बा, ऑथो आणि व्हिटेलिअस एकामागून एक सम्राट झाले. 1 जुलै 69 रोजी अलेक्झांडरने आपल्या लीजनांकडून व्हेस्पेशिअनच्या नावाने शपथ घेववली, आणि व्हेस्पेशिअन आपल्या राज्यारोहणाचा दिवस पुढे हाच मानत असे. आधी ज्यूडियातल्या सैन्याने घोषणा केली आणि मग व्हेस्पेशिअनने अलेक्झांडरला पत्र लिहिले, असे जोसेफस म्हणतो. टॅसिटस मात्र पहिले पाऊल अलेक्झांड्रियाचे मानतो. मला टॅसिटस पटतो, कारण तारीख त्याच्या बाजूने आहे. पाच सम्राटांच्या काळात एकच माणूस इजिप्तवर टिकला आणि पाचव्याला गादी मिळवून देण्यात त्याचा हात होता. 42 मध्ये ज्याची नेमणूक घराण्याच्या ओळखीने झाली, त्याच्याच पाठिंब्याची 69 मध्ये सम्राटपदाच्या उमेदवाराला गरज होती. म्हणूनच मी वर म्हटले की उत्तर सालावर अवलंबून आहे.

70 मध्ये टायटसने जेरुसलेमला वेढा घातला तेव्हा अलेक्झांडर सर्व सैन्याचा अधिकारी म्हणून त्याच्याबरोबर होता, आणि नव्या घराण्याला सर्वांत आधी पाठिंबा दिला म्हणून त्याला ही जागा मिळाली असे जोसेफस सरळ सांगतो. इथे एक तपशील नजरेतून सुटू देऊ नका. जेरुसलेमच्या ज्यू मंदिराच्या दहा दरवाजांपैकी नऊ दरवाजांना सोन्याचांदीचा मुलामा होता, आणि तो अलेक्झांडरच्या वडिलांनी चढवून दिला होता. टायटसच्या हुकमाने त्या दरवाजांना आग लावली गेली आणि चांदी वितळली. दुसऱ्या दिवशी मंदिराचे काय करायचे हे ठरवण्यासाठी सहा अधिकाऱ्यांची बैठक बसली, तीत त्याचे नाव पहिले आहे. मंदिर राखावे या टायटसच्या मताला त्याने दुजोरा दिला असे जोसेफस लिहितो. पण टायटसला दोषमुक्त करण्यात जोसेफसला रस होता, तेव्हा ही साक्ष सावधपणे घ्यावी. मंदिर त्यानंतर जळाले.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझे मत. 66 सालच्या कत्तलीची जबाबदारी त्याच्यावर आहे आणि ती निबंधात स्पष्ट शब्दांत यावी. पण ‘स्वकीयांशी दगा’ म्हणण्यासाठी तो स्वतः कोणाला स्वकीय मानत होता हे कळायला हवे, आणि त्याचा आवाज म्हणून आपल्याकडे जे आज्ञापत्र आहे त्यात त्याच्या स्वतःच्या धर्माविषयी काहीही नाही. समकालीन आणि नंतरच्या लोकांनी त्याला कोणत्या नावांनी ओळखले ते पाहा. जोसेफसला तो प्रथा सोडलेला ज्यू वाटतो, टॅसिटस एका ठिकाणी त्याला रोमन अश्वारोही आणि दुसऱ्या ठिकाणी इजिप्शियन म्हणतो. या तिन्ही ओळखी त्याला लागू होत्या, आणि रोमन सेवेत वर चढण्यासाठी त्यांपैकी एकही जाहीरपणे फेकून द्यावी लागत नव्हती. मी तुमच्या जागी असते तर ‘दगा’ हा शब्द टाळून 66 आणि 70 मधली त्याची कृत्ये वर्णन केली असती आणि निवाडा वाचकावर सोपवला असता.

राहिले शेवटचे पद. एका फाटक्या पपायरसात तो ‘प्रिटोरियन प्रीफेक्टही झाला’ अशा अर्थाचे शब्द आहेत. काही अभ्यासक यावरून तो पुढे रोममध्ये सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख झाला असे मानतात, तर काहींच्या मते ही पदवी टायटसच्या छावणीतल्या जबाबदारीची आहे. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण जोसेफसने 70 साली दिलेल्या वर्णनाशी ते जुळते आणि त्यासाठी नवी नेमणूक गृहीत धरावी लागत नाही. तुमच्या कागदावर ही नोंद पेन्सिलीने करा, दोन्ही मते शेजारी लिहा आणि निबंधाचा निष्कर्ष या पदावर टेकवू नका. 42, 46 ते 48, 63, 66 ते 69 आणि 70 या नोंदी पक्क्या आहेत आणि तुमच्या युक्तिवादाला तेवढ्या पुरतात.